खाणीच्या तळ्यावरचं गाऱ्हाणं

आधीच सांगतो, मी या ग्रुपवर तीन वर्षं नुसता वाचत बसलेला माणूस आहे आणि इथले निम्मे किस्से मला थापा वाटतात. राग मानू नका. माझं कामच तसं आहे. सत्तावीस वर्षं मी लिफ्टच्या मेंटेनन्समध्ये आहे. "आमची लिफ्ट आपोआप सातव्या मजल्यावर जाते हो, तिथल्या आजी वारल्यात ना, त्या बोलावतात..." असं सांगणाऱ्या सोसायटीत जायचं, सातव्या मजल्याचं अडकलेलं बटण साफ करायचं, वहीवर सही घ्यायची आणि निघायचं. आजपर्यंत एकाही लिफ्टमध्ये मला आजी भेटलेल्या नाहीत.

त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. पण लिहिल्याशिवाय डोक्यातून जाणार नाही, म्हणून लिहितो.

आम्ही बोरिवली पूर्वेला राहतो. मी, बायको सुनीता, आणि गेल्या वर्षापर्यंत माझे वडील. बाबांचं वय एक्क्याऐंशी. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि दगडाच्या खाणीत लागले, सुरुंगासाठी भोकं पाडायच्या कामावर. आम्ही दोघं भावंडं, मी आणि धाकटी वैशाली, आईबरोबर गावी वाढलो. बाबा वर्षातून दोनदा यायचे, गणपतीला आणि मे महिन्यात. मी नोकरीसाठी मुंबईत आलो तोपर्यंत खाण बंद झाली होती आणि बाबा एका गोदामात राखणीला लागले होते. म्हणजे ज्या खाणीच्या जिवावर आम्ही शिकलो, ती मी कधी पाहिलीच नव्हती. खरं सांगायचं तर पाहावीशीही वाटली नव्हती.

शेवटच्या वर्षी बाबा खूप थकले. पाय सुजायचे, जेवण कमी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगायचं ते सांगितलं होतं. बाबांना कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना कळलं असावं. कारण एका सकाळी चहा पिताना म्हणाले, "माका एकदा खाणीर घेवन चल. तिच्यात आता पाणी भरलां म्हणतत."

"कशाला बाबा?"

"गाऱ्हाणां घालूचा रवलां."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे प्रत्येक जागेचा एक राखणदार मानतात. बाबा त्याला जागेवाला म्हणायचे. काम सुरू करताना नारळ ठेवून त्याला मोठ्याने सगळं सांगायचं, हेच गाऱ्हाणं. एकाने सांगायचं आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्यावर "होय म्हाराजा" म्हणायचं. काम संपवून जागा सोडतानाही तसंच, निरोप घ्यायचा. बाबांच्या खाणीत दर मोसमात पहिल्या सुरुंगाआधी गाऱ्हाणं व्हायचं आणि ते घालायचा मान बाबांचा. पण खाण बंद झाली ती एका दिवसात. सकाळी कामावर गेले तर फाटकाला कुलूप, आतले पाणी उपसायचे पंप बंद. माणसं पांगली ती पांगलीच. निरोप कोणी घेतलाच नाही.

"अठ्ठावीस वर्सां तेचो डोंगर फोडलो," बाबा म्हणाले, "आणि न सांगता इलाव. म्हणान मी अडाकलंय. माका सुटूक व्हया."

मी म्हटलं, बघू. आठवड्याचे सहा दिवस लोकांच्या लिफ्ट, सातव्या दिवशी सिलिंग फॅनकडे बघत पडायचं, एवढीच माझी इच्छा असते. पण सुनीता म्हणाली, "अहो, न्या की. तुमच्याकडे दुसरं काय मागितलंय त्यांनी?"

म्हणून रविवार सुरू झाले.

अडचण अशी, की बाबांना जागा नीट आठवत नव्हती. ज्या खुणा ते सांगत त्या सगळ्या गेल्या होत्या. चिंचेचं झाड, कंदिलाची टपरी, असलं काहीतरी. पहिल्या रविवारी आमच्या जुन्या गाडीतून पवई तलावावर नेलं. बाबा कठड्याला धरून पाच मिनिटं उभे राहिले. "ह्यां न्हय," म्हणाले. "हेका कडो खंय आसा?" दुसऱ्या रविवारी विहारच्या बाजूला गेलो, तिथे आत सोडेनात. लांबून झाडांमधून चमकणारं पाणी दाखवलं तर बाबा माझ्याकडे बघून हसले. "मेल्या, ह्यां इंग्रजांच्या वेळचां. माझी खाण केवडीशी!" तिसऱ्या रविवारी माझी फारच चिडचिड झाली होती. ते सारखं "खांबासारखो कडो" म्हणत होते म्हणून अंधेरीला गिल्बर्ट हिलला घेऊन गेलो. तिथे पाण्याचा थेंब नाही हे मला ठाऊक होतं. मला फक्त ते प्रकरण संपवायचं होतं.

पण बाबा खूश झाले. खालून तो उभा काळा दगड बघितला आणि त्याच्यावर तळहात टेकवला. "ह्यो सगळो विस्तव होतो हां," मला म्हणाले. "जमिनीतसून उकळान इलो आणि थंड झालो, म्हणान असे खांब पडले. आमचो इंजिनेर सांगी. अख्खी मुंबय त्येच्यारच बसली हा." मी हो हो केलं. मान घामाने चिकट झाली होती आणि गाडी भलत्या ठिकाणी उभी केली होती.

त्या दिवशी परत येताना मात्र ते एक उपयोगाचं बोलले. खाणीत दुपारी दोननंतर ऊन नसायचं, कारण डोंगर ऊन अडवायचा. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. म्हणजे डोंगर पश्चिमेला. म्हणजे खाण आमच्या बोरिवली-गोरेगावच्या अंगाला नाहीच, पलीकडे आहे. मोबाईलवर नकाशा काढला आणि भांडुपपासून मुलुंडपर्यंत डोंगराचा पायथा बोटाने सरकवत बघितला. नाहूरच्या जरा वर, पश्चिमेला, दोन नव्या टॉवरच्या मागे एक निळा ठिपका होता. नाव नव्हतं.

चौथ्या रविवारी सकाळी साडेदहाला आम्ही तिथे होतो. टॉवरच्या गेटवरच्या वॉचमनला बाबांकडे बोट दाखवून म्हटलं, "भैया, पहले यहाँ काम करते थे. दस मिनट." त्याने बाबांचे पाय बघितले आणि मागचं छोटं फाटक उघडून दिलं.

फाटकातून बाहेर पडलो आणि समोर पाणी. फुटबॉलच्या मैदानाएवढं असेल. हिरवट काळं, हलत नसलेलं. तीन बाजूंना सरळ तुटलेला काळा कडा, त्याला उभ्या चिरा. चौथ्या बाजूला आम्ही. पलीकडे कोणी नाही, कोणी असायला जागाच नाही, कडा थेट पाण्यात उतरलाय. हे मी मुद्दाम नीट सांगतोय.

बाबा दगडावर बसले आणि चप्पल काढली. मी पिशवीतून नारळ काढून त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना तहान लागली होती म्हणून बाटली उघडून दिली. एक हात त्यांच्या खांद्याला, कारण ते पुढे झुकत होते आणि खाली चार फुटांवर पाणी. दुसऱ्या हातात मोबाईल, कारण डोंबिवलीच्या वैशालीने सांगून ठेवलं होतं, दादा, व्हिडिओ काढ हां. बाटलीचं झाकण ठेवायला हात नव्हता म्हणून मी ते दातात धरलं. हे झाकण लक्षात ठेवा.

बाबांनी हात जोडले आणि सुरू केलं. त्यांचा तो आवाज मी गावी देवळात लहानपणी ऐकला होता, नंतर कधीच नाही.

"बा जागेवाल्या म्हाराजा... आज तुझो लेकरू तुझ्या पायाकडे इलो हा..."

आणि थांबले. माझ्यासाठी थांबले होते. मी "होय म्हाराजा" म्हणायला हवं होतं.

मी म्हटलं नाही. तोंडात झाकण होतं हे खरं. पण झाकण थुंकायला कितीसा वेळ लागतो? मागे टॉवरच्या बाल्कनीत एक बाई कपडे वाळत घालत होती, तिच्यादेखत असलं काही ओरडायची मला लाज वाटली. चार रविवार गेले, आता लवकर आटपा, असंही मनात होतं. बाबांनी मान अर्धवट माझ्याकडे वळवली. वाट बघितली. मी मोबाईलच्या स्क्रीनकडे बघत राहिलो.

त्यांनी मान परत फिरवली. आवाज थोडा खाली आला होता. "अठ्ठावीस वर्सां तुझो डोंगर फोडलो, म्हाराजा. तेच्यार पोरांक वाढवलंय..."

"होय म्हाराजा."

समोरून आलं. कड्याकडून, पाण्यावरून. एक माणूस नाही, पाच-सहा असावेत, थकलेली माणसं कामावरून येऊन एकत्र बोलतात तसं. फार मोठ्याने नाही. पण स्पष्ट.

मला वाटलं प्रतिध्वनी. पण बाबा "होय" म्हणालेच नव्हते! जे कोणी बोललंच नाही त्याचा प्रतिध्वनी कसला?

बाबा ताठ बसले. आवाज चढला. "जाताना तुका सांगूक जमला नाय. आमचा चुकला. तां पोटात घाल रे म्हाराजा..."

"होय म्हाराजा."

"आणि माका आता मोकळो कर, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

हा तिसरा सगळ्यात मोठा होता. माझ्या दातातून झाकण पडलं. मी बाबांचा खांदा इतका घट्ट धरला होता की ते म्हणाले, "अरे, दुखता."

त्यांनी नारळ पाण्यात सोडला. तो बुडाला, वर आला, जरा पुढे जाऊन तरंगत राहिला. कड्यावर काही नव्हतं. एक पाकोळी फिरत होती. मागे वळून बघितलं तर ती बाई बादली घेऊन आत चालली होती.

गाडीत बसल्यावर बाबा माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाले, "मोठ्यान म्हटलंस. माका वाटला होता, तू काय म्हणूचंस नाय."

मी गाडीची चावी फिरवली.

"हो बाबा," म्हटलं.

बरोब्बर सतरा दिवसांनी बाबा गेले. दुपारी, चहा पिऊन, खुर्चीतच. त्या सतरा दिवसांत ते व्यवस्थित जेवले, झोपले, सुनीताला आमटीत कोकम कमी पडलं म्हणून बोललेसुद्धा. सुनीता म्हणते, इतकं शांत तिने त्यांना कधीच बघितलं नव्हतं.

तो व्हिडिओ मी उघडलाच नव्हता. न बघताच वैशालीला पाठवून दिला होता आणि तिनेही तेव्हा बघितला नव्हता, धीर होत नव्हता म्हणाली. तेराव्यानंतर ती आमच्याकडेच राहिली होती, तेव्हा लावला. मी स्वयंपाकघरात होतो. बाबांचा आवाज आला, मग थोडी शांतता, मग परत बाबा. आणि मग वैशालीने हाक मारली. रडत होती, पण हसत होती.

"दादा, किती छान म्हटलंस रे! मला तर वाटलं होतं तू लाजशील. तुझाच आवाज सगळ्यात वर आहे."

मी जाऊन ऐकलं. एकदा, मग हेडफोन लावून दहा-बारा वेळा. मागे ते पाच-सहा आवाज आहेत, लांबून आल्यासारखे. आणि त्यांच्या पुढे, मोबाईलच्या अगदी जवळ, एक आवाज आहे. माझा. मला स्वतःचा आवाज ओळखता येतो, दिवसभर फोनवर तोच वापरतो मी. तिन्ही वेळा "होय म्हाराजा." आणि तिसऱ्यानंतर, अगदी स्पष्ट, दगडावर झाकण पडल्याचा टक् असा आवाज. म्हणजे तोपर्यंत ते माझ्या दातातच होतं.

ऑफिसातल्या एकाला नाव न घेता विचारलं. म्हणाला, थकलेला माणूस काय बोलतो ते त्याचं त्यालाच आठवत नाही. असेल. मीही स्वतःला तेच सांगून बघितलं. पण दात घट्ट मिटलेले असताना एवढं साफ बोलून बघा. मी बेसिनसमोर उभं राहून, झाकण धरून करून बघितलंय. "हो" सुद्धा नीट येत नाही.

गेल्या महिन्यात एकटा परत गेलो. वॉचमन दुसरा होता, त्यानेही सोडलं. पाण्यासमोर उभा राहिलो आणि जोरात म्हटलं, "होय म्हाराजा." या वेळी बाल्कनीत चार माणसं होती, तरी म्हटलं. कड्यावरून आवाज परत आला, एकदाच, एकट्याचा, जसा प्रतिध्वनी यायला हवा तसा. त्या दिवशीचं काहीच नाही. तिथेच दगडावर बसून खूप रडलो.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. मोटर जळली तर मी सांगू शकतो का जळली. इथे नाही सांगू शकत. बाबांनी माझ्याकडे मान वळवून वाट बघितली होती आणि मी मोबाईलकडे बघत होतो, एवढंच मला पक्कं माहीत आहे. माझ्या वाटणीचं कोणीतरी म्हणून टाकलं, आणि बाबा ते माझंच समजून गेले.

वैशालीने ती क्लिप सगळ्या नातेवाइकांना पाठवली आहे. लोक मला फोन करून म्हणतात, मुलगा असावा तर असा. मी थँक्यू म्हणतो. तीही कधीकधी हा ग्रुप वाचते, म्हणून शेवटचं तिच्यासाठी लिहितो.

वैशू, त्या दिवशी मी गप्प होतो गं.