रंध्याची मूठ

बाईनं हत्यार ओलांडू नये, असं आमच्या सुतारांच्या घरात लहानपणापासून ऐकत आले. ओलांडू नये, विटाळात शिवू नये. बनवू नये असं मात्र कुणी म्हणालं नाही. बाई हत्यार बनवील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसावं.

रेणापूरला माझ्या वडिलांचा, आबांचा हात थरथरायला लागला, तेव्हा मी बारावी होऊन घरीच बसले होते. भाऊ नाही. आबांनी शेडचं दार आतून लावून घेऊन मला काम शिकवलं. दार का लावायचं ते मी विचारलं नाही. तेवढं कळत होतं.

त्यांचा जुना रंधा पिचला होता. नवा मी केला. वाळलेल्या बाभळीचा ठोकळा, आणि ट्रकच्या पाट्यातून लोहारानं काढून दिलेलं पातं. पातं बसायची खाच पटाशीनं कोरताना ठोकळे वाया घालवले, आबांच्या शिव्या खाल्ल्या. मूठ शेवटी केली. काचेच्या तुकड्यानं खरवडायची, धरून बघायची, परत खरवडायची. धरून बघायला हात माझाच होता. पहिला छिलका कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघाला. आबा नुसतं "हं" म्हणाले. मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं.

लग्न होऊन नांदेडला आले. नवरा फर्निचरच्या कारखान्यात सुतार. पहिल्या दिवाळसणाला आबांनी पाहुण्यांदेखत तो रंधा त्याच्या हातात ठेवला.

"जावईबापू, माझ्या हातचा हाय. जपून वापरा."

मी ओवाळणीचं ताट घेऊन तिथंच उभी होते. आबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. बापाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? गिळलं.

पुढं त्या रंध्याचं कौतुक घरी येईल त्याला ऐकावं लागे. "सासऱ्याच्या हातचा. असलं काम आता हुत न्हाई," नवरा सांगायचा. मी चहाचे कप ठेवून आत जायची. मूठ त्याच्या हाताला बारीक पडायची, म्हणून त्यानं तिच्यावर चिंधी गुंडाळली होती. ती चिंधी मला बघवत नसे. तरी वाटायचं, हे खोटं एकट्या आबांचं आहे. याला खरं कळलं तर हा खूशच होईल. याच आशेवर मी गप्प राहिले.

यंदा आबा गेले. खंडेनवमीला नवऱ्यानं रंधा त्यांच्या फोटोपुढं ठेवला, हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून हात जोडले. मला राहवलं नाही.

"तो आबांनी न्हाई केला. मी केलाय."

"ठाव हाय," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी मूठ धरली तवाच कळलं. तुझ्या बापाचा पंजा केवढा होता, मला दिसत न्हवता काय?"

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईत?"

"कारखान्यात काय सांगू? बायकोनं केलेलं हत्यार चालवून राहिलो म्हणू?"

आणि त्यानं उदबत्ती लावली.

आबा निदान माझ्याकडं बघू शकले नव्हते. हा माझ्याकडं बघून बोलला.

तो बाहेर गेल्यावर मी मुठीची चिंधी सोडली आणि बंबात घातली. रंधा धरून पाहिला. मूठ अजून माझ्या हातात बरोबर बसते. दसरा झाला की तो कामावर नेईल. आता त्याच्या हाताला टोचली, तर टोचू दे.