गाडीवाटेवरचं फाटक

साखर कारखान्याचा प्रस्ताव इंदापूरच्या आमच्या कचेरीत आला तेव्हा मी तालुक्याच्या बोर्डात कारकून होतो. या असल्या प्रस्तावाचं शेवटी ठरवतो कोण, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आज म्हातारपणीही नीट कळलेलं नाही. कारखानदारांना ऊस वाहायला लासुर्ण्याच्या बाजूला भराव घालून ट्रॉलीचे रूळ टाकायचे होते. रस्ते बोर्डाचे, म्हणून कागद आमच्याकडे. एवढं मोठं काम आपल्याला झेपायचं नाही म्हणून आम्ही तो अभिप्रायासाठी पुण्याला जिल्ह्याच्या कचेरीकडे धाडला. पुण्याने विचारलं, आधी तुमचा अभिप्राय काय? आम्ही कळवलं, आपला येईल तोच आमचा. भाजीपाला बारामतीच्या बाजारात जातो म्हणून तिथल्या नगरपालिकेलाही विचारून झालं. वेशीबाहेरचं आम्हाला विचारू नका, असं तिचं उत्तर. सगळ्यांकडे मत मागून झालं, निर्णय मात्र कुणाच्याच टेबलावर सापडेना. मी आपला आवक-जावक लिहीत बसलो.

त्या भरावाखाली माझ्या मामांची गाडीवाट जाणार होती. मामा कालव्याच्या पाण्यावर वांगी, मेथी, कोथिंबीर करायचे आणि पहाटे गाडी जुंपून बारामती गाठायचे. वाट बंद झाली तर दोन कोसांचा वळसा पडणार होता. वांग्यांना त्याचं काही नव्हतं, पण मेथीने बाजार यायच्या आतच मान टाकली असती. उपाय तसा सोपा होता. रूळ वाटेला आडवे जातात तिथे एक फाटक ठेवावं, एवढी अट पुण्याच्या अभिप्रायात आली की झालं. मामांनी मला हे दहा वेळा तरी बजावलं होतं.

मी म्हणालो, "मामा, पाहणीला पुण्याचे साहेब येणार हायेत. त्यांनाच सांगा की. लिहून घ्यायला मी हायेच."

साहेब आले. भला माणूस. टोपी काखेत मारून दिवसभर बांधाबांधाने हिंडला, कुणावर एकदाही खेकसला नाही. जेवण मामांकडेच होतं. भाकरी, भरीत आणि मामांच्याच शेतातली मेथीची भाजी. दुसरी भाकरी मोडता मोडता साहेबांनी विचारलं, "या रुळांनी गावाची काही अडचण होईल का? काही हरकत?"

मी मामांकडे पाहिलं. आता फाटक निघणार!

"छ्या, छ्या," मामा म्हणाले. "अडचण कसली? तुमी आमच्या दारात आला, ह्यात समदं आलं. अगं, सायबांना भाजी वाढ."

साहेब माझ्याकडे वळून म्हणाले, "घ्या लिहून."

माझं डोकं चालेना. मामांचा विचार बदलला की काय? की शेतात हिंडताना, मी मागे राहिलो तेव्हा, त्यांनी साहेबांच्या कानावर घातलं होतं? शिवाय गावकऱ्याने सांगितलेलं लिहायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, हे मला पहिल्या दिवशी शिकवलेलं. 'साहेब, एक फाटक हवं' एवढंच म्हणायचं होतं. मी हात धुतला आणि लिहिलं, 'ग्रामस्थांची हरकत नाही.'

पुढे सगळं भराभर झालं. गावाची हरकत नाही म्हणून पुण्याची नाही, पुण्याची नाही म्हणून आमची नाही. रूळ पडले. मग मी फाटकासाठी अर्ज खरडत सुटलो. प्रत्येकाला एकच उत्तर आलं की अटी अभिप्रायात यायला हव्या होत्या, आता पाहणी संपली आहे. मला त्या उत्तराची इतकी चीड यायची की एकदा मी कागद चुरगाळून फेकला आणि मग आवकला नोंदवायचा म्हणून पुन्हा सरळ केला.

वर्षभराने मामांकडे गेलो तर मेथीच्या वाफ्यांत ऊस उभा होता. बारामतीला जाणं मामांनी सोडलं होतं. मला राहवेना. म्हटलं, "मामा, अडचण न्हाय असं तुमीच म्हणाला न्हवं का?"

मामा उसाचं पाचट ओढत होते. ते थांबले. माझ्याकडे बघताना त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता गोंधळलेला होता, आणि तेच मला सहन होईना.

"पानावर बसलेल्या पाव्हण्याला गाऱ्हाणं सांगत्यात व्हय रं? मी पाव्हण्याला तसं म्हणलं," ते म्हणाले. "तू काय पाव्हणा हुतास?"