फुलीचा अर्थ

आधी कुंदाताईंचं नाव घेते. पुढचं वाचताना तुम्ही त्यांना विसरू नये, म्हणून. पनवेलला वडाळे तळ्याजवळच्या एका शाळेच्या मागच्या खोलीत त्या संध्याकाळी तक्त्यांचा वर्ग घ्यायच्या. माहिती चित्रातून कशी सांगायची, हे शिकवायच्या. मी आठवीत शाळा सोडलेली, वर्ध्याकडून भावाबरोबर इकडे आलेली. त्यांनी दाखला न मागता मला बसवून घेतलं. ब्रश दिले. कधी कधी माझ्या तोंडाकडे बघून स्वतःचा डबा पुढे सरकवला — "खा गं, मला आज भूक नाही." आज चार ठिकाणी मी तक्ते काढून देते, ते त्यांच्यामुळे.

बाकीचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. धाडस आलंय म्हणून सांगतेय असं समजू नका — लपवून लपवून दमलेय, इतकंच.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वर्गात बाकी सगळे कॉलेजातले. मी 'का' म्हणायचं तिथे 'काऊन' म्हणायचे, आणि दारातून आत शिरले की कुणीतरी म्हणायचंच, "आल्या काऊनबाई!" ताईंनी एकदा ऐकलं. "हसा लेको," म्हणाल्या, "या वर्गात तिच्या शब्दाइतका उपयोगी शब्द कुणाकडे नाही." त्या दिवशी मी घरी जाऊन रडले. आनंदानंच. पण भीतीही तेव्हाच धरली — आता यांच्या नजरेतून उतरले तर?

ताई काय शिकवायच्या, ते अजून तोंडपाठ आहे. तक्त्यावरचा खांब शून्यापासून उभा राहिला पाहिजे, मधूनच सुरू केला तर तो खोटं बोलतो. एका तक्त्यात एकच निरोप. रंग नटवायला नसतो, बोट दाखवायला असतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं — तक्ता ज्याच्यासाठी, त्याला आधी दाखवायचा आणि विचारायचं, "यात काय दिसतंय?" 'समजलं का?' असं कधीही विचारायचं नाही. समजलं का म्हटलं की माणूस हो म्हणतो.

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी विचारलं होतं, वडील काय करतात? मी म्हणाले, ग्रामपंचायतीत कारकून आहेत. खरं तर माझे आईबाप दर हंगामात वीटभट्टीवर जायचे. मीही चिखल तुडवलाय, विटा पाडल्यात. शाळा सुटली ती त्यातच. यात लाजण्यासारखं काय होतं? आज नाही सांगता येत. तेव्हा मात्र त्या खोलीत ते सांगण्यापेक्षा जमीन फाटून आत गेलेलं बरं वाटलं असतं.

मग पनवेलजवळच्या आपटा गावाच्या बाजूच्या एका वीटभट्टीचं काम आलं. ताई ज्या संस्थेसाठी तक्ते करायच्या, तिचं. भट्टीशेजारी उघडी विहीर होती, तिचं पाणी खराब. हातपंप लांब, पण पाणी चांगलं. बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून पत्र्याचा चित्रफलक हवा होता. ताईंनी तो मला दिला. मी विहीर काढली, तिच्यावर मोठी लाल फुली मारली. पंप काढला, त्याच्याजवळ बरोबरची खूण. सुबक झाला होता हो फलक. सगळ्यांनी वाखाणला. काऊनबाई म्हणणाऱ्यानेही.

आणि रंग वाळत असतानाच मला आमची भट्टी आठवली.

शाळेच्या वहीत फुली म्हणजे चूक. पण भट्टीवर? आमच्या भट्टीवर मुकादम विटांची थप्पी बघायचा, पसंत पडली की तिच्यावर चुन्याने फुली मारायचा. फुली म्हणजे पास. फुली दिसली की आई हुश्श करून खाली बसायची. हे मला माहीत होतं. त्या खोलीत एकटीला मलाच माहीत होतं. पण बोलले असते तर पहिला प्रश्न काय आला असता? "तुला गं कसं माहीत?"

मी स्वतःची समजूत घातली — इकडे वेगळी पद्धत असेल. ताईंनी सांगितलं, फलक लावण्याआधी भट्टीवर जाऊन बायकांना दाखवून ये. मी एसटीने आपट्याला उतरले. लांबून भट्टीचा धूर दिसला, डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया दिसल्या. जरा बोलले तर यांना कळेल मी कोणाची, असं वाटलं. नदीकाठी बसून राहिले. परतीची गाडी आली तशी चढले.

ताई वाटच बघत होत्या. दमलेल्या होत्या, नेहमी जो प्रश्न विचारू नका म्हणायच्या, तोच त्यांनी मला विचारला. "समजलं ना गं त्यांना?"

"हो ताई. सगळ्यांना."

फलक लागला. ज्या बाया आधी विहिरीला बिचकून पंपावर जात होत्या, त्यांनीही जाणं सोडलं. भट्टीवर हगवण पसरली. एका कातकरणीची लहान मुलगी पनवेलच्या दवाखान्यात सलाईनवर पडली. वाचली ती. पण तिचे ते डोळे खोल गेलेले — मी पाहिलेत. ताईंबरोबर मीही गेले होते. तिच्या आईने सरळ सांगितलं, "फुली मारलीय ना बाय? म्हंजे सायबानी पाणी पास केलंय, आमाला तसंच वाटलं. आमी काय येडी हाव, लांब जायाला?"

संस्थेतल्या लोकांनी विचारलं, आधी दाखवला नव्हता का फलक? ताई म्हणाल्या, "दाखवला होता. माझी मुलगी स्वतः जाऊन आली." माझी मुलगी — हा शब्द त्यांचा. मी शेजारी उभी होते. बोलायला केवढी जागा होती तेव्हा! मी पदराशी चाळा करत राहिले.

त्यांच्यावर ठपका आला. पण ताईंना मोडलं ते ठपक्याने नाही. त्या परत परत एकच म्हणायच्या, "आपण विचारलं होतं तरी असं झालं. म्हणजे विचारून काही कळत नाही बघ. मी इतकी वर्षं पोरांना भलतंच शिकवत आले." काही दिवसांनी त्यांनी वर्ग बंद केला. ब्रश मला देऊन टाकले आणि मिरजेला भाचीकडे राहायला गेल्या. पुन्हा शिकवलं नाही, असं ऐकते.

तेव्हा लहान होते, घाबरट होते, परक्या गावात होते — हे सगळं खरं आहे, पण त्यातलं काहीही सबब म्हणून लिहिलेलं नाही. त्यांनी मला सगळं दिलं, आणि मी त्यांचा स्वतःच्या कामावरचा विश्वास काढून घेतला. एका 'हो'ने.

भाचीचा पत्ता माझ्याकडे आहे. ताई आता थकल्यात म्हणतात. मी एक दिवस मिरजेला जाईन, त्यांच्यासमोर बसेन आणि सांगेन — ताई, तुमचं शिकवणं बरोबर होतं. मी विचारलंच नव्हतं. त्या दार लावोत, काहीही म्हणोत. त्यांचं जे नेलं, ते मी त्यांना परत करीन.