खांबाखांबावरचं इंटरनेट

सगळं जसंच्या तसं आठवतंय, अशी शपथ मी घेणार नाही. त्या दिवशी बंडू कुठल्या भाषेत ओरडला, ऑटो डावीकडे होती की उजवीकडे, यात माझा घोळ होऊ शकतो. पण फजिती माझीच झाली, एवढं नक्की!

दीक्षितपुऱ्यातलं बारसं आटोपून आम्ही दोन गाड्यांनी सिव्हिल लाइन्सला घरी निघालो होतो. पुढच्या गाडीत मी, नात सई आणि चालवायला भाचा बंडू. मागची गाडी आमची सौ. चालवत होती. सईच्या पुण्याच्या नोकरीचा शेवटचा इंटरव्ह्यू मोबाइलवर व्हायचा होता. घरी वेळेत पोचू, असा हिशेब. पण बड्या फुहाऱ्याच्या चौकात, बाजाराच्या गर्दीत असे अडकलो की विचारू नका! त्यात आमच्या गाडीतल्या सगळ्यांच्या फोनचं नेटवर्क गायब.

"आजोबा, आता सुरू होईल हो!" सई रडकुंडीला आली.

बंडूनं खिडकीतून मागे ओरडून सांगितलं, "मामी, नेट नाहीये! सईचा इंटरव्ह्यू गया!"

आणि इथे मी शहाणपणा केला. आयुष्यभर कॉलेजात बिनतारी संदेशवहन शिकवलं, पण घरातला बल्ब बदलतानाही मनात शंका, असा मी माणूस. त्या दिवशी अंगात काय संचारलं कोण जाणे! रस्त्याच्या खांबांवर नव्या करड्या पेट्या दिसल्या. शहरात रस्त्यावर फुकट वाय-फाय येणार, असं पेपरात वाचलं होतं. म्हटलं, हेच ते!

"बंडू, खांबांच्या कडेनं चल. माझा फोन खांबाकडून नेट घेईल आणि सईला देईल. एक खांब सुटला की दुसरा धरायचा!"

फोन धरून हात खिडकीबाहेर काढला. आणि खरं सांगतो, नेट आलं! सईच्या मोबाइलवर पुण्याचे साहेब प्रकटले.

तेवढ्यात मागची गाडी आमच्या बंपरला चिकटली. मी घाबरलो. ही आता सिग्नल अडवणार!

"अगं, मागे राहा! मागे!"

"काहून ओरडून राहिले? पुढे पाहा!" सौ.नं हॉर्न दाबला.

मध्येच एक ऑटो घुसली आणि साहेब तोंड उघडं ठेवून गोठले. मी हात आणखी उंच केला. तिकडे सौ.नं ऑटोला कट मारून गाडी पुन्हा आमच्या मागे आणली, इकडे साहेब बोलू लागले.

"पाहिलंस बंडू? सगळा कोनाचा खेळ!"

ऑटोतल्या बाईंनी विचारलं, "अंकलजी, नेट चल रहा है क्या? बेटे का रिज़ल्ट देखना है।"

मी ऐटीत माझ्या फोनचा पासवर्ड सांगितला. ते ऐकून एका व्हॅनवाल्यानंही घेतला. ऑटो, व्हॅन, आमच्या दोन गाड्या, असा ताफा खांबाखांबानं सरकू लागला. चौकात हवालदार ओरडला, "दादाजी, हाथ अंदर! किसको आशीर्वाद दे रहे हो?"

"इंटरनेट को!" बंडू म्हणाला.

बाईंचा मुलगा पास झाला. आणि सईला नोकरी मिळाली! मी तर हवेतच होतो. मराठी मंडळात 'धावत्या वाहनांतील इंटरनेट' या विषयावर व्याख्यानही दिलं. सौ. पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती.

काही वर्षांनी माझा एक विद्यार्थी घरी आला. तो तेव्हा रस्त्यावरच्या दिव्यांचं काम पाहायचा. पेट्यांचा विषय निघाला तशी तो चाचरत म्हणाला, "सर, त्या दिवे आपोआप लावण्या-विझवण्याच्या पेट्या. त्या रस्त्यावर वाय-फाय कधी बसलंच नाही."

मग नेट आलं कुठून? मी सौ.कडे पाहिलं.

"माझं कार्ड दुसऱ्या कंपनीचं," ती चहा गाळत म्हणाली. "बंडू ओरडला तसं मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट सुरू केला. तुमचा फोन घरीही त्याच्यावरच चालतो, जुळला आपोआप."

"अगं, मग व्याख्यानाच्या आधी सांगायचं तरी!"

"म्हटलं, इतका वेळ हात वर धरला, घेऊ द्या थोडा मान. पण मागे राहा, मागे राहा काय लावलं होतं हो? तुमचं ऐकून मागे राहिले असते, तर पोरगी अजून घरीच बसली असती!"