भाजलेल्या धन्यांची बिअर

डिसेंबरातला शनिवार, दुपार. हजर: मी, माझा नवरा, शेजारचे काका आणि काकू. टेबलावर चार ग्लास, पाणी, बिनमिठाचे फुटाणे.

काकांनी ग्लासावर तळहात झाकणासारखा ठेवला. थोड्या वेळाने तो काढून नाक आत घातलं. "आधी नाकाला विचारू," असं ते नेहमी म्हणायचे. घोट नंतर.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल, लग्नाच्या पंगतीत यजमानालाच श्रीखंड आंबल्याचं सांगणारा. आमचे काका मूळ नागपूरचे. इथे भोपाळला एका कारखान्याच्या तपासणी विभागात जन्म काढलेला. बाग सेवनिया वस्तीत आमच्या समोरच राहायचे. सोसायटीच्या जिन्याची प्रत्येक फरशी त्यांनी वाजवून पाहिली आणि पोकळ वाजणाऱ्या परत पाठवल्या. कंत्राटदार अध्यक्षांचा मेहुणा होता. काका म्हणाले, "आपलं असलं म्हणून पास नाही." लोक त्यांना चहाला बोलवायलाही कचरत.

आम्ही मुद्दाम बोलावलं. नवऱ्याने नोकरी सोडून एम. पी. नगरला बिअर बनवण्याची छोटी जागा काढली होती. पहिली बिअर बेल्जियन पद्धतीची: गहू, संत्र्याची साल, धने. टाकी भरलेली, पुढच्या आठवड्यात उद्घाटन, निमंत्रणं गेलेली. संत्री नागपूरहून आणली होती. धने काकूंनी हौसेने घरून कुटून दिले होते.

काकांनी ग्लास उजेडात धरला. गव्हाची बिअर अशी गढूळच असते, असं नवऱ्याने घाईघाईने सांगितलं. काकांनी मान डोलावली, हुंगलं, घोट तोंडात फिरवला, पुन्हा हुंगलं. मग काकूंकडे पाहिलं.

"धने भाजले होतेस?"

"मग? कच्चे कोण घालतं बाप्पा?"

नवऱ्याने डोकं धरलं. तो रोज चाखत होता, मीही. पण भाजलेल्या धन्यांच्या वासाने मराठी माणसाला शंका येत नाही, भूक लागते.

पाहुण्यांना नाही कळणार, नवरा पुटपुटला. काकूंचा चेहरा उतरला होता.

"आपलं असलं म्हणून पास नाही," काका म्हणाले. "ही आमटी आहे. संत्री कुठे गेली यात?"

"जन्मभर आमटी ओरपलीत, तेव्हा नाही बोललात."

"आमटी पासच होती."

काकू हसल्या, म्हणून आम्हालाही हसता आलं. टाकी ओतून दिली. उद्घाटन पुढे ढकललं, निमंत्रितांना एकेक फोन केला. ते दिवस कठीण गेले. काकू रोज डबा पाठवत होत्या.

दुसऱ्या खेपेला धने कच्चेच जाडसर कुटले. आता संत्र्याची साल आधी नाकाला भेटली, धने मागून आले आणि शेवटी जिभेवर हलकी आंबट चुणूक राहिली. एरवी दोन घोटांवर थांबणाऱ्या काकांनी ग्लास रिकामा केला. आमची जागा आज चालते ती या बिअरवर. एकदा आभार मानले, तर म्हणाले, मी काय केलं, ओतायला लावली.

गेल्या उन्हाळ्यात काका गेले.

परवा नवी खेप चाखली. नवरा म्हणाला, छान आहे. मीही म्हणाले, छान आहे. मग दोघांनीही पुन्हा हुंगलं.

येत्या शनिवारी चाखायला काकूंना बोलवायचं ठरवलं आहे. समोरचंच दार. अजून बेल वाजवलेली नाही.