दगडूच्या खुंटाची होडी

डोंबिवलीच्या पश्चिमेला इमारती संपून खाडी लागते, तिथल्या गावाची रीत साधी. बंदरावर ज्याचा खुंट, त्याचीच होडी त्याला बांधायची. शिमग्याला प्रत्येक खुंटावर मालकाचं नाव पुकारून नारळ फुटायचा. ज्या खुंटाला होडी नाही, तो त्या दिवशी दुसऱ्याला जायचा. मग पुकारलं जाणारं नावही दुसऱ्याचंच.

शेवंतीच्या बापाचा, दगडूचा खुंट पायरीला अगदी लागून. दगडूला ती एकुलती एक. लग्न होऊन ती गावातल्या गावातच राहिली. नवरा वागळे इस्टेटीत कारखान्यात जायचा, आणि ती स्कूटरला मासळीची पाटी बांधून डोंबिवलीत दारोदार विकायची. आधी बाप गेला, मग नवरा. होडी सगळ्यांत शेवटी गेली. तळ असा कुजला होता की चुलीतही धड जळली नाही.

आता वर्षातून एकदा, शिमग्याला, बापाचं नाव चारचौघांत मोठ्यानं ऐकू यायचं, तेवढंच उरलं होतं. तेही जायची वेळ आली. चुलतभाऊ सीताराम दुसरी होडी घेऊन तयार बसला होता.

"ताय, तुज्या खुंटाला होडी नाय, माज्या होडीला खुंट नाय. देव कसा जुलवून आनतो बग," म्हणायचा. बोलायला गोड होता मेला.

नवी होडी म्हणजे काही मेथीची जुडी नव्हे, पिशवीत टाकून आणायला. पण पूर्वेला राहणारा सलिल तिचं जुनं गिऱ्हाईक. कंपनीत साहेब, आणि भारी हौशी. कुठल्याशा किनाऱ्यावरून त्यानं पाण्यावर पळणारी जुनी स्कूटर उचलून आणलेली. दोनदा पाण्यात गेली, पुढं सोसायटीच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली. सोसायटीवाले म्हणाले, ही जागा दुचाकींची आहे, हिला तर चाकच नाही. बायको आसावरी तिला सवत म्हणायची.

"मावशी, तुम्हीच न्या हिला," सलिल पापलेट निवडता निवडता म्हणाला. "माझ्या घरात शांतता होईल."

"चालवायची कशी, दादा?"

"तुमच्या स्कूटरसारखीच हो."

तिथंच घोळ झाला. टेम्पोतून ती बया खाडीत उतरली, शेवंतीनं साडीचा काष्टा मारला आणि निघाली. जाताना ठीक. येताना पायरी जवळ आली तसा तिनं सवयीनं उजव्या हाताचा ब्रेक दाबला. त्या बयेला तिथं ब्रेक नसतो, तो पळवायचा खटका असतो. जितका जोरात दाबावा तितकी ती उधळते. शेवंती सीतारामच्या काठावर वाळत घातलेल्या जाळ्यात जाऊन थांबली.

"मासलीच मोटी घावली रे आज!" सीताराम ओरडला. बंदर खदखदलं.

जाळ्यातून सुटून ती बापाच्या खुंटाला दोरी बांधायला गेली, तर तो आडवा आला. "ही होडी नाय. ह्ये पोरांचं खेलनं हाय."

भांडण धाकू तात्याकडं गेलं. खुंटांचा निवाडा म्हातारा तोच करायचा. त्यानं गुडघाभर पाण्यात उतरून स्कूटरभोवती एक फेरी मारली, सीट दाबून बघितली. "मासली आनली तर होडी," म्हणाला. "शिमग्याच्या आदी आन, शेवंते."

शेवंती रोज जायची. पण इंजिनाचा तो कलकलाट ऐकून खाडीतले मासे पार कल्याणला पळत असावेत. गरी रिकामी, पाटी रिकामी. शिमगा उद्यावर आला, तशी ती चिडून लांबच्या वळणापर्यंत गेली, आणि त्या रागात पाण्याकडं बघायचं विसरली. ओहोटी लागली होती. आयुष्य खाडीकाठी काढलेली बाई भर दुपारी चिखलात रुतली. इंजिनानं गाळ ओढला, दोनदा ठसकलं आणि गप्प झालं.

सगळं बंदरावरून दिसत होतं. फोन वाजला.

"ताय, पंचर झाली काय?" सीताराम.

"सिग्नल लागलाय. ठेव फोन."

चिखलात उतरली असती तर कंबरेपर्यंत गेली असती. म्हणून सीटवर मांडी घालून बसली, डोक्यावर पदर. शेजारी चिखलात एक अरुंद पाट अजून वाहत होता. दुसरं काम नव्हतं म्हणून तिनं त्यात गरी सोडली. ना इंजिन, ना आवाज. ऊन कलायला लागलं तेव्हा दोरी ओढली गेली. शिंगाळी होती, वीतभर. काढताना तिचा काटा बोटात घुसला. शेवंतीनं तिला एक शिवी दिली आणि पाटीत टाकलं.

भरती आली, स्कूटर हलली, पण इंजिन काही बोलेना. मग पाटीवरचं झाकण घेतलं आणि दोन्ही बाजूंनी पाणी मारत ती निघाली. बंदराला लागली तेव्हा हात गळून गेले होते.

सीतारामनं पाटीत डोकावून बघितलं. "एवढुशी? आनी मशीन तर बंद पडलेली!"

धाकू तात्या पायरीवरच बसला होता. दुपारपासून हलला नव्हता म्हणे.

"सुकतीला बसली, भरतीला उठली, हातानं वल्हवत आनली, मासली बी आनली," तो म्हणाला. "अजून होडी काय करते रे? तुजी येगलं काय करते?"

सीताराम आपली जाळी गोळा करायला लागला.

दुसऱ्या दिवशी हँडलला झेंडूची माळ पडली, सीटला हळदकुंकू लागलं. "दगडूच्या खुंटाची होडी!" म्हणून तात्यानं पुकारलं आणि नारळ फोडला. शेवंतीनं बोटाची चिंधी सारखी केली आणि खोबरं वाटायला घेतलं.

सलिल आणि आसावरी मुद्दाम बघायला आलेले. सलिलला राहवेना. "मावशी, जरा सुरू करून बघू का?"

"आज नको, दादा," शेवंती त्याच्या हातावर खोबरं ठेवत म्हणाली. "सणाला बांधलेली होडी सोडत नाय."

आत भरलेल्या गाळाचं तिनं काही सांगितलं नाही.