दुधाच्या डब्यात हळद

"भांडं रिकामं धाडू नये, गुर्जी. बरं दिसत न्हाई."

शेजारची आत्या असं म्हणायची आणि आमच्याकडून गेलेल्या ताकाच्या तांब्यात काहीतरी घालूनच तो परत द्यायची. चार शेंगा, एखादं वांगं. काहीच नसलं तर कढीपत्त्याची डहाळी. आमची ही कौतुक करायची. मला तो निव्वळ अडाणीपणा वाटे. मी पडलो वाईला इंग्रजी शिकलेला, गावात वर्तमानपत्र मागवणारा एकटा! जगाचे प्रश्न माझ्यावाचून अडलेत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

लढाई नुकतीच संपली होती. धान्य रेशनवर, दूध दिसेना. अशात परदेशातून दुधाच्या भुकटीचे डबे आले. शाळेच्या पडवीत आत्या ती भुकटी पाण्यात ढवळायची आणि पोरांना वाटायची. तिचा स्वतःचा एकुलता एक पोरगा इटलीच्या आघाडीवर गेला होता, तो परत आलाच नाही.

पुढं कळलं, मदत मंडळाचा गोरा साहेब पाहणीला येतोय. दूध चालू ठेवायचं की बंद करायचं, हे तो ठरवणार. झालं! मी इंग्रजीत भाषण रचलं. श्रीमंत देशांनी गरिबांना हात देणं ही मेहरबानी नव्हे, कर्तव्य आहे. तुमच्या लढाईत आमची पोरं मेली, आता उरलेली जगवा. मुद्दा बिनतोड. पुरावा म्हणून आत्याला शेजारी उभी करणार होतो. "फाटकं लुगडं नेसून ये," असंही तिला सांगून ठेवलं. आता तुम्हीच सांगा, असा शहाणा कुठं पाहिलाय?

आत्या आली ती ठेवणीतलं लुगडं नेसून. हातात भुकटीचा रिकामा झालेला डबा, घासून लख्ख केलेला. आत मजुरीत मिळालेली हळद, काठोकाठ भरलेली.

मी तिला बाजूला घेतलं. "आत्या, घात करशील! साहेबाला वाटेल, ही माणसं हळदीत लोळतात. पोरांचं दूध तुटेल."

"मागतोय म्हून आपल्याला घर न्हाई व्हय, गुर्जी?"

साहेब आला. मी घसा खाकरून "सर" म्हणेपर्यंत तिनं डबा त्याच्या हातात ठेवलासुद्धा. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आत्या म्हणाली, "त्यास्नी सांगा, तुमचीबी पोरं लढाईत लय जखमी झाली असतील. जखमंवर हळद दाबा म्हनावं. माझ्या पोराला लावायला तितं कुनी न्हवतं."

एवढं माझं इंग्रजी, आणि मी साहेबासमोर चक्क रडायला लागलो. बिचारा गांगरला.

"गप रावा, गुर्जी. पोरं बघत्यात," आत्या म्हणाली.

शेवटी तिचं म्हणणं मी मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. साहेबानं टोपी काढली आणि तो डबा छातीशी धरून नुसता उभा राहिला. भाषण माझ्या खिशातच राहिलं.

दूध चालू राहिलं. नवे डबे आले तेव्हा मात्र आत्या नव्हती. साध्या तापाचं निमित्त झालं आणि गेली. त्या दिवशी ढवळायला मी बसलो. देशांना कर्तव्य शिकवणाऱ्या महापंडिताच्या दुधात नुसत्या गुठळ्या! पोरांनी ते मुकाट्यानं पिऊन टाकलं. एकानं जरी "आत्यावानी न्हाई झालं" म्हटलं असतं, तर मला तिच्या नावानं मोकळं रडता तरी आलं असतं.